गेलेला दात परत येतो काय?



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात राजकारण, वाङ्मय, इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंगतीला दातांसारखा घरगुती विषय आणून बसवणे काहींना खटकेल. पण पंगत म्हटली की दात आलेच. ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांना या विषयाचे महत्त्व वाटत नाही, आणि ज्यांना ते वाटू लागते त्यांचे दात बहुधा शाबूत नसतात, हीच या विषयाची मोठी अडचण आहे.

आपल्या पूर्वजांनी ही अडचण एका म्हणीत बसवून ठेवली आहे. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. म्हण दैवाच्या लहरीविषयी आहे हे खरे. पण तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, केस पिकावेत तसे वय झाले की दात जायचेच. हे गृहीत चूक आहे. दात वयाने जात नाहीत, रोगाने जातात. एक रोग दाताला लागणारी कीड आणि दुसरा हिरडीचा व तिच्याखालच्या हाडाचा क्षय. हे दोन टळले तर ऐंशीव्या वर्षीही माणूस चणे फोडू शकतो. म्हातारपणाचा अपराध इतकाच की, या रोगांना काम करायला त्याने पुष्कळ वर्षे दिलेली असतात.

तरी दात जातात, ही वस्तुस्थिती आहे. मग प्रश्न येतो तो आजच्या विषयाचा. गेलेला दात परत आणता येतो काय? जबड्यात धातूचे मूळ बसवून त्यावर नवा दात चढवण्याच्या शस्त्रक्रियेला आपण दंतरोपण म्हणू. बाजारात आणि दवाखान्यात तिला सरसकट ‘इम्प्लांट’ म्हणतात. तिच्याविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. एकाला वाटते, आता दातांची काळजी करण्याचे कारण उरले नाही. पैसे मोजले की लोखंडासारखे दात मिळतात. दुसऱ्याला वाटते, हा श्रीमंतांचा नाहीतर डॉक्टरांच्या धंद्याचा चोचला आहे. माझे म्हणणे या दोहोंहून निराळे आहे. दंतरोपणाचा प्रश्न मुळात दाताचा नाही, तो हाडाचा आहे. हाडाचा स्वभाव ज्याला समजला, त्याला ही शस्त्रक्रिया केव्हा करावी, केव्हा करू नये आणि केल्यावर कशी सांभाळावी, हे बहुतेक समजले. म्हणून आज दातापेक्षा हाडाविषयीच अधिक बोलणार आहे.

दात हाडात खिळा ठोकल्यासारखा घट्ट बसलेला असतो अशी आपली समजूत असते. खरे तसे नाही. जबड्याच्या हाडाला दातांसाठी खोबणी असतात, आणि दाताचे मूळ व खोबणीची भिंत यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा बारीक तंतूंचा थर असतो. दात या तंतूंवर जणू टांगलेला असतो. आपण चावतो तेव्हा दात रेसभर दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. भातात बारीकसा खडा आला तर जबडा तत्क्षणी थांबतो, तो मुख्यत्वे या थरातील मज्जातंतूंच्या सूचनेमुळे. म्हणजे हा थर एकाच वेळी बैलगाडीची कमान आहे आणि पहारेकरीही आहे.

आता हाडाकडे वळू. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत आहे, सतत मोडते आणि सतत घडते. बर्लिनचे शल्यविशारद युलियस व्होल्फ यांनी १८९२ साली आपल्या ग्रंथात एक नियम मांडला. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना होते. भार गेला की हाड झिजते. पाय महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवला की काय होते ते आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. स्नायू रोडावतो हे डोळ्यांना दिसते; आतले हाडही उणे होते, ते दिसत नाही. जबड्याच्या ज्या कडेत दातांच्या खोबणी असतात, ती कड तर केवळ दातांसाठीच असते. दातांबरोबर ती येते आणि दातांमागोमाग जाते. दाढ काढल्यापासून वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते, आणि यांतली बरीचशी घट पहिल्या ३ महिन्यांतच होते. बेकार माणसाला शरीर पोसत नाही, असा हा कठोर कारभार आहे.

सारे दात गेलेल्या माणसाचे तोंड आठवा. गाल आत जातात, ओठ दुमडतात, हनुवटी नाकाच्या भेटीला निघते. याला आपण बोळके म्हणतो आणि कौतुकाने हसतो. पण हे केवळ दात नसल्यामुळे होत नाही. खालचे हाड झिजल्यामुळे चेहऱ्याची उंचीच कमी होते. अँट्ये टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्या लोकांच्या जबड्यांची २५ वर्षांपर्यंतची झीज क्ष-किरणांच्या साह्याने मोजली आणि १९७२ साली निष्कर्ष मांडले. झीज वर्षानुवर्षे चालूच राहते, आणि पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट असते, असे तीत आढळले. आमच्याकडे येणारे वृद्ध नेहमी एकच तक्रार का करतात, याचे उत्तर यात आहे. ‘डॉक्टर, वरची कवळी ठीक आहे हो, खालचीच नाचते.’ खालची कवळी नाचते याचे कारण तिच्याखालचे अंगणच खचलेले असते.

गेलेल्या दाताची जागा भरण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. इटलीतील प्राचीन एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्टीने बदली दात शेजारच्या दातांना बांधीत. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर या प्रख्यात शल्यवैद्याच्या पुरस्काराने एक विलक्षण प्रथा चालली. गरिबाचा चांगला दात पैसे देऊन उपटायचा आणि तो गरम गरम असतानाच श्रीमंताच्या खोबणीत बसवायचा. असे दात काही काळाने गळून पडत, आणि जाताना कधी दुसऱ्याचे रोगही देऊन जात. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती अशी दंतकथा आहे (ही दंतकथा अगदी शब्दशः दंतकथा!). प्रत्यक्षात त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात, माणसांचे दात आणि धातू वापरलेले होते. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तर रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात काढून ते कवळ्यांत बसवण्यात आले. दुसऱ्याचे दात आपल्या तोंडात यावेत यासाठी माणूस कोणत्या थराला गेला, ते यावरून दिसते.

पुढे एकोणिसाव्या शतकात कठीण रबराची आणि विसाव्यात अॅक्रिलिकची कवळी आली, आणि सामान्य माणसाला प्रथमच परवडणारे दात मिळाले. कवळीला मी नावे ठेवणार नाही. तिने कोट्यवधी माणसांना भाकरी खाऊ घातली आहे, हसायला शिकवले आहे आणि लग्नकार्यात चारचौघांत मिरवले आहे. पण तिची मर्यादा उघड आहे. ती हिरडीवर बसते, हाडात जात नाही. तिने चावताना मिळणारा जोर स्वतःच्या दातांच्या जोराच्या चौथ्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. शिवाय हाडाला जो आतून ताण हवा असतो तो तिच्याकडून मिळत नाही. मिळतो तो वरून दाब, आणि त्याने झीज थांबत नाही. दुसरा मार्ग ब्रिजचा. एक दात गेला तर दोन्ही बाजूंचे दात कोरून लहान करायचे आणि त्यांच्या आधाराने मधला दात पुलासारखा टाकायचा. शेजारचे दात आधीच किडलेले, मोठे सिमेंट भरलेले असतील तर हा मार्ग उत्तम. पण ते निरोगी असतील, तर एका दातासाठी दोन निरपराध दातांना कायमची शिक्षा होते.

मग हाडातच काही रोवून ठेवावे, ही कल्पना कोणाला सुचली नसेल काय? सुचली होती. १९३१ साली मध्य अमेरिकेतील होंडुरासमध्ये खालच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. तो माया संस्कृतीच्या काळचा, इ. स. ६०० च्या सुमाराचा आहे. त्यात पटाशीच्या तीन दातांच्या जागी दातांच्या आकाराचे शिंपल्याचे तुकडे बसवलेले आहेत. पुढे १९७० च्या सुमारास क्ष-किरणांनी तपासले असता त्यांच्याभोवती हाड तयार झाल्याच्या खुणा दिसल्या. अर्थात हे तुकडे माणूस जिवंत असताना बसवले होते. आधुनिक काळातही सोने, प्लॅटिनम, निरनिराळ्या मिश्रधातू यांचे स्क्रू, सांगाडे आणि पाती जबड्यात बसवून पाहण्यात आली. त्यांतली काही वर्षानुवर्षे टिकली. पुष्कळशी मात्र हलू लागली, पिकली आणि काढावी लागली. कारण परक्या वस्तूशी वागण्याची शरीराची रीत ठरलेली आहे. पायात काटा मोडला की शरीर त्याला पू करून बाहेर ढकलते. ते जमले नाही तर भोवती चिवट तंतूंचे कुंपण घालून त्याला वाळीत टाकते. हाडात रोवलेल्या धातूभोवती असेच कुंपण पडे. ते दाताच्या तंतूंसारखे सुव्यवस्थित नसे; मऊ, ढिले असे. त्यामुळे दात डुगडुगू लागे. धातू आणि हाड यांचा थेट संबंध जुळत नाही, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धांत होता.

हा सिद्धांत मोडला तो सशाच्या पायात. स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास हाडाच्या मगजातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. दातांशी त्यांचा काही संबंध नव्हता. जिवंत हाडातले रक्त सूक्ष्मदर्शकातून पाहता यावे म्हणून त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियम धातूची एक बारीक खिडकी बसवली. प्रयोग संपला. महागडे उपकरण पुन्हा वापरावे म्हणून ते काढू गेले, तर निघेना. हाड त्या धातूला असे चिकटले होते की, धातू काढायचा तर हाडच फोडावे लागे. दुसऱ्या एखाद्याने उपकरण वाया गेले म्हणून कपाळाला हात लावला असता. ब्रोनेमार्क यांनी विचारले, हे चिकटले कसे?

त्या एका प्रश्नासाठी त्यांनी पुढची अनेक वर्षे वेचली. १९६० साली ते गोथेनबर्गला गेले. प्राण्यांवर प्रयोग केले. सुमारे वीस विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने आपल्या दंडात टायटेनियमची तशी उपकरणे बसवून घेतली आणि शरीर त्यांना विरोध करीत नाही हे दाखवून दिले. १९६५ साली गोस्टा लार्सन नावाच्या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटेनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन यांच्या टाळूत व जबड्यात जन्मतःच व्यंग होते, खाली दात नव्हते. बोलणे आणि खाणे दोन्ही दुःसह झाले होते. ते २००६ साली वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते स्क्रू त्यांच्या जबड्यात काम देत होते. हाड आणि धातू यांच्या या थेट जोडणीला ब्रोनेमार्क यांनी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. आपण अस्थिसंलग्नता म्हणू. पंडितांनी मात्र त्यांना सहजासहजी मानले नाही. स्वीडनमधीलच दंतवैद्यक क्षेत्रातून त्यांच्यावर कडक टीका झाली. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे प्राध्यापक जॉर्ज झार्ब यांनी परिषद बोलावली आणि तिथे ब्रोनेमार्क यांच्या चमूने वर्षानुवर्षांची नोंदलेली माहिती समोर ठेवली, तेव्हा जगातील विद्यापीठांनी हे शास्त्र स्वीकारले. खिडकी बसवल्यापासून या मान्यतेपर्यंत तीस वर्षे गेली. ब्रोनेमार्क २०१४ साली निवर्तले.

टायटेनियममध्ये असे काय आहे? या धातूला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा एक थर चढतो. तो मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही पातळ, पण अत्यंत चिवट असतो. ओरखडा निघाला तरी क्षणात पुन्हा धरतो. हाडाच्या पेशींना भेटतो तो धातू नव्हे, हा थर. आणि त्याच्याशी त्यांचे भांडण नसते. हा धातू काही परग्रहावरचा नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळसर वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज आहे, आणि टायटेनियमचे ते एक प्रमुख खनिज आहे.

पण धातू हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे शांतता. रत्नागिरीचे नाव निघालेच आहे, तर आंब्याच्या कलमाचा दाखला देतो. कलम बांधताना फांदी खुंटावर चपखल बसवतात, घट्ट बांधतात आणि मग तिला कोणी हात लावू देत नाहीत. जो पोर रोज जाऊन कलम जगले का म्हणून हलवून पाहतो, त्याचे कलम जगत नाही. कलमात दोन जिवंत वस्तू एकजीव होतात आणि येथे एक वस्तू निर्जीव आहे, हा फरक सोडला तर नियम तोच. हाडाला भोक पाडताना ते तापले, म्हणजे ४७ अंश सेल्सिअस उष्णता एक मिनिटभर जरी राहिली, तरी भोवतालचे हाड दुखावते. म्हणून भोक सावकाश, थंड सलाइनचे पाणी सोडीत पाडावे लागते. पुढच्या आठवड्यांत तो स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून फारसा अधिक हलत राहिला, तर हाडाऐवजी तंतूंचे कुंपण तयार होते आणि सारे मुसळ केरात जाते. ब्रोनेमार्क तर स्क्रू हिरडीखाली पुरून खालच्या जबड्यात ३ महिने आणि वरच्यात ६ महिने वाट पाहत. आता स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करतात, त्यामुळे चांगल्या हाडात दीड-दोन महिन्यांत जोडणी होऊ शकते.

प्रत्यक्षात काय करतात ते थोडक्यात सांगतो. प्रथम जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण चित्र घेतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून साधारण २ मिलिमीटर दूर राहावे लागते, नाहीतर ओठ बधिर होण्याची भीती असते. वरच्या दाढांवर हाडात हवेची पोकळी असते. तिथे हाड पातळ असेल तर आधी हाडाची भर घालावी लागते. मग ती जागा बधिर करून बहुधा ३.५ ते ५ मिलिमीटर जाडीचा आणि ८ ते १३ मिलिमीटर लांबीचा स्क्रू बसवतात. दाढ काढण्यापेक्षा याचा त्रास पुष्कळदा कमी होतो, असे रुग्णच सांगतात. हाड जुळले की स्क्रूवर खुंटी, आणि खुंटीवर दाताची कॅप. वयाला वरची मर्यादा नाही, खालची आहे. जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावाचून हे करू नये. कारण मुलाचा जबडा वाढतो, त्याबरोबर शेजारचे दात वर येतात, आणि हाडाला जखडलेला हा दात मागे राहतो.

आता याच्या उण्या बाजूविषयी. जाहिराती ती सांगत नाहीत, म्हणून मला सांगितली पाहिजे. रोपलेल्या दाताला तो तंतूंचा थर नसतो. म्हणजे कमान नाही आणि पहारेकरीही नाही. खडा आला तर तो उशिरा कळतो. म्हणून सुपारी फोडणे, बाटलीचे बूच दाताने उघडणे असले पराक्रम यावर करू नयेत. त्याला कीड लागत नाही हे खरे, पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला रोग लागतो, आणि नैसर्गिक दाताच्या तुलनेत तो अधिक वेगाने आत उतरू शकतो. रोपण केलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांत हा रोग पुढेमागे दिसतो, असा निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित अंदाज आहे. चांगल्या हातांनी केलेली रोपणे १० वर्षांनी शंभरांत पंचाण्णवांच्या आसपास जागेवर असतात. हा आकडा उत्तम आहे. पण जागेवर असणे आणि निरोगी असणे, यांत अंतर आहे.

हा रोग कोणाला गाठतो? ज्यांची स्वच्छता ढिली त्यांना, ज्यांचा मधुमेह ताब्यात नाही त्यांना, आणि तंबाखू ओढणाऱ्यांना. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत रोपण फसण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते. आपल्याकडे तंबाखूचे मार्ग अनेक आहेत. चुना-तंबाखू आहे, गुटखा आहे, आणि आपल्या मायबहिणी दात स्वच्छ होतात या समजुतीने लावतात ती मिसरी आहे. मिसरी ही भाजलेली तंबाखूच. जिने दात घासले तिनेच हिरडी सोडवली, असा हा न्याय आहे. ज्या सवयीने पहिला दात गेला, ती सवय तशीच ठेवून दुसरा दात बसवणे म्हणजे गळक्या घागरीला सोन्याचा मुलामा देणे होय. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधे चालू असतील, किंवा जबड्याला किरणोपचार झाले असतील, तर तेही आधी सांगावे. कारण अशा हाडाची जखम भरून येण्याची शक्ती कमी झालेली असू शकते.

यापुढचा मुद्दा अधिक नाजूक आहे. एका दाताच्या रोपणाला नोकरदार माणसाचा महिन्या-दोन महिन्यांचा पगार सहज जाऊ शकतो. जिथे एवढा पैसा आहे तिथे घाईही येते. ‘तीन दिवसांत नवे दात’ अशा पाट्या आपण वाचता. हाड चांगले असेल, स्क्रू पहिल्यापासूनच भक्कम बसला असेल आणि अनेक स्क्रू एकमेकांना जोडून टाकले असतील, तर दात लवकर चढवता येतात. ते खोटे नाही. पण तो नियम नव्हे, निवडलेल्यांसाठीची सवलत आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, वाचवता येण्याजोगे दात काढून त्यांच्या जागी रोपण सुचवले जाण्याचे प्रसंग घडतात. हाडाविषयी मी जे सांगितले त्यावरून यातला तोटा आपल्या लक्षात येईल. हिरडीचे उपचार केलेला, मुळाची पोकळी भरून वर कॅप चढवलेला स्वतःचा दात कितीही म्हातारा असला, तरी त्याच्यापाशी तो तंतूंचा थर असतो, आणि तो थर जगातील कोणताही कारखाना अजून बनवू शकलेला नाही. म्हणून आपल्या दंतवैद्याला चार प्रश्न अवश्य विचारा. हा दात वाचवता येईल काय? नाही, तर का नाही? रोपणाशिवाय दुसरा मार्ग कोणता, आणि त्याचा खर्च किती? माझे हाड पुरेसे आहे हे कशावरून? आणि बसवल्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी कोण करणार? चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या खुर्चीतून उठण्यास हरकत नाही.

ज्यांची ऐपत नाही त्यांनी काय करावे? सर्वच्या सर्व दात गेले असतील तरी बत्तीस स्क्रू लागतात, ही समजूत चुकीची आहे. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक मत नोंदवले. खालचे सारे दात गेलेल्या माणसाला साधी कवळी देण्याऐवजी हनुवटीच्या भागात केवळ दोन स्क्रू बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी देणे, हा पहिल्या पसंतीचा उपचार मानावा. मघाशी सांगितलेली नाचणारी खालची कवळी दोन स्क्रूंनी थाऱ्यावर येते. कवळी रात्री काढावी, धुवावी आणि सकाळी खटकन लावावी. तेवढेही परवडत नसेल तर नीट बेतलेली साधी कवळी घ्यावी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे कमी खर्चात काम होते. कवळी वापरण्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो दात नसताना वर्षानुवर्षे वरणभाताच्या पाण्यावर दिवस काढण्यात, आणि घरच्यांनी ते ‘वयच झाले आता’ म्हणून चालू देण्यात. भाकरी, कच्ची काकडी, शेंगदाणे, मांसाहार हे सारे ताटातून जाते आणि माणूस हळूहळू पंगतीतूनही उठतो. त्याला खाण्याची लाज वाटते, मग बोलण्याची वाटते.

शेवटी, हे शास्त्र श्रीमंतांचा चोचला आहे असे ज्यांना वाटते त्यांना २०२१ सालची आठवण देतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस नावाच्या बुरशीने थैमान घातले, आणि महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये त्यात सर्वांत अधिक पोळली. मधुमेह, स्टेरॉइडचे उपचार आणि कोरोना अशा तिहेरी माऱ्यात सापडलेल्या कित्येकांचा जीव वाचवण्यासाठी वरचा जबडाच काढावा लागला. माणूस वाचला, पण तोंडात टाळू नाही, दात नाहीत. पाणी प्यावे तर नाकातून येते, बोलावे तर कोणाला कळत नाही. अशांपैकी काहींना गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवून, त्यांच्या आधाराने नवे दात आणि टाळू मिळाली. गालाच्या हाडातील ही पद्धतही ब्रोनेमार्क यांनीच घालून दिली. तोंडाच्या कर्करोगात खालचा जबडा गेलेल्यांना पायाच्या नडगीजवळचे बारीक हाड काढून त्याचा जबडा घडवतात आणि त्यात दात रोवतात. सशाच्या पायात सुरू झालेली गोष्ट माणसाच्या पायाच्या हाडातून अशी तोंडाशी आली. अशा रुग्णाने पुन्हा तोंडाने घास घेतला तर त्याला चोचला कोण म्हणेल?

तर मग गेलेला दात परत येतो काय? नाही, बंधुभगिनींनो, तो परत येत नाही. त्याच्या जागी एक कर्तबगार दत्तक येतो. हाड त्याला घरात घेते. पण त्याला स्वस्थता दिली, घर स्वच्छ ठेवले आणि त्याच्याकडून बेताचे काम घेतले, तरच तो नांदतो. दत्तक चांगला निघतो म्हणून पोटच्या पोराला कोणी घराबाहेर काढीत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा. आहेत ते दात प्रथम सांभाळा. दुखत नसले तरी वर्षातून एकदा दाखवा. हिरडीतून रक्त आले तर ते उष्णतेने आले म्हणून स्वस्थ बसू नका. दात काढावाच लागला, तर पुढे काय हे काढण्यापूर्वीच वैद्याला विचारा, कारण हाड आपल्यासाठी थांबत नाही. आणि रोपण करायचे ठरले, तर तंबाखू आधी सोडा, साखर आधी ताब्यात आणा, मग स्क्रूचा विचार करा.